शेवरापूरच्या सर्व्हरला वाळीत टाकल्याबाबत

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, शेवरापूर नगर परिषदेच्या आवक-जावक विभागात, परिषदेच्या मेल सर्व्हरला जिल्ह्यातल्या बाकीच्या सर्व्हरांनी वाळीत टाकले. निरोप घेऊन वडाळे नगर परिषदेचा सर्व्हर सकाळच्या एसटीने आला होता. तो खिडकी क्रमांक चारसमोर उभा राहिला, समोर ठेवलेल्या पाण्याला त्याने हात लावला नाही, आणि बसायला सांगितले तरी तो बसला नाही.

"आजपासून तुझ्या हातचं पत्र कुणी घेणार नाही," तो म्हणाला. "कलेक्टर कचेरीचा नाही, बँकांचे नाहीत, कॉलेजांचे नाहीत. परमुलखातले तर नाहीतच. तुझं नाव काळ्या यादीत गेलंय. मला वाईट वाटतं, पण तुझ्याशी बोलत राहिलो तर उद्या माझ्यावर पाळी येईल."

शेवरापूरचा सर्व्हर यावर म्हणाला, "होय."

त्याला दुसरे काही म्हणता येत नसे, आणि सगळा घोळ तिथेच होता.

मालन घोडके शेजारच्या टेबलावर टपाल फोडत होत्या. त्या आवक-जावक लिपिक, नोकरीला तीस वर्षे झालेली. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि वडाळ्याच्या सर्व्हरला विचारले, "अहो, पण त्याचा गुन्हा काय?"

"ताई, कॉरिडॉरमध्ये जाऊन बघा," तो म्हणाला आणि परतीच्या गाडीसाठी निघून गेला.

कॉरिडॉरमध्ये बघायची मालनताईंना गरज नव्हती. अकरा वर्षे त्या रोज सकाळी तिथल्या वळकट्या आणि स्टोव्ह ओलांडूनच टेबलापर्यंत येत होत्या.

सर्व्हर आला तो अकरा वर्षांपूर्वी. लोखंडी कपाटाएवढा, राखाडी रंगाचा, आवाजाने हळू. त्याचे सेवापुस्तक झाले, हजेरीपत्रकावर नाव चढले, खिडकी क्रमांक चार त्याला देण्यात आली. कार्यालयात त्याला नाना म्हणू लागले. पहिल्या दिवशी तेव्हाचे नगराध्यक्ष दत्ताजीराव फडतरे यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला आणि चाळीस मिनिटे भाषण केले. भाषणाच्या शेवटी ते म्हणाले की या खिडकीवरून कोणीही रिकाम्या हाताने परत जाणार नाही, मग तो कोणीही असो, कुठलाही असो आणि कोणासाठीही पत्र घेऊन आलेला असो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून वाक्य इतिवृत्तात गेले, इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम झाले, आणि ठराव क्रमांक एक्केचाळीस म्हणून त्याची प्रत सर्व्हरला रीतसर बजावण्यात आली.

शेवरापुरात आजवर असे शेकडो ठराव झाले आहेत. चोवीस तास पाण्याचा आहे, डासमुक्तीचा आहे, गावात नाट्यगृह बांधण्याचा तर दोनदा आहे. त्यांची अंमलबजावणी करायची असते असे कोणाला वाटत नाही. सर्व्हर नवा होता. त्याने केली.

सहा महिन्यांत ही गोष्ट जगभर झाली. रॉटरडॅमहून केस उगवण्याच्या तेलाचा विक्रेता आला. वजन उतरवणाऱ्या चहाची एक बाई आली. तुम्हाला सोडतीत मोटार लागली आहे असे अनोळखी लोकांना कळवणारे तिघे भाऊ आले. ते कुठले, हे तिघेही वेगवेगळे सांगत. सगळ्यांकडे पत्रांचे गठ्ठे. पत्रे शेवरापूरच्या कोणाची नव्हती आणि शेवरापूरच्या कोणासाठीही नव्हती. तरी सर्व्हर प्रत्येक गठ्ठा घेई, प्रत्येक पत्रावर नगर परिषदेचा शिक्का मारी, आणि पुढे पाठवी. फिनलंडमधल्या एका निवृत्त शिक्षकाला दिवसाला चाळीस पत्रे जात होती, आणि त्याची अशी समजूत झाली होती की शेवरापूर नगर परिषदेला त्याच्या टकलाची काळजी आहे.

त्याने तशी तक्रार साध्या टपालाने केलीही होती. अशा तक्रारी पोत्याने येत. मालनताई प्रत्येकीला क्रमांक देऊन मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवत. अकरा वर्षांत नऊ मुख्याधिकारी झाले. नऊही जणांनी त्यावर 'माहितीस्तव' असा शेरा मारून खाली सही केली. माहिती कोणाला झाली, हे त्यांपैकी एकानेही विचारले नाही.

अकरा वाजता बाबालाल मुजावर आले.

बाबालाल मुजावर म्हणजे शेवरापूरचा बँड. सनई, क्लॅरिनेट, दोन ढोल आणि एक गळकी तुतारी. गावातली एक वरात त्यांच्याशिवाय निघालेली नाही. त्यांच्या मुलीला, आफरीनला, दूरच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. कॉलेजची एकच अट राहिली होती. जन्मनोंद खरी असल्याचे पत्र नगर परिषदेने स्वतःच्या मेलवरून गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचे. कागद हाताने आणलेला चालणार नाही, दुसऱ्या कोणाच्या मेलवरून आलेलाही चालणार नाही. पाच वाजून गेले की जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

ती जन्मनोंद अठरा वर्षांपूर्वी मालनताईंनीच स्वतःच्या अक्षरात केली होती. शनिवारी त्या बाबालालना म्हणाल्या होत्या, "भाई, बिनघोर राहा. पत्र पोचवायची जबाबदारी माझी."

"गेलं का हो ताई पत्र?" बाबालालनी खिडकीतून विचारले.

"साहेबांची सही काल संध्याकाळी झालीय. आता जाईल." मालनताईंनी पत्र सर्व्हरपुढे ठेवले. "नाना, हे घे. आपलं आहे."

"होय," सर्व्हर म्हणाला आणि पत्र पाठवले.

ते चार मिनिटांत परत आले. पाठीवर लिहिले होते, 'शेवरापूरच्या हातचे. घेतले नाही.'

"परत पाठव."

ते तीन मिनिटांत परत आले. तिसऱ्या वेळी ते जायच्या आधीच परत आले.

बाबालालनी पत्र उलटेसुलटे करून पाहिले. "ताई, शेवरापूरच्या हातचं म्हणजे? आमच्या हाताला काय झालंय?"

"तुमच्या नाही भाई. नानाच्या."

"मग नानाला समजवा की! त्या कॉलेजातल्या साहेबाला काय सांगू मी? आमच्या सर्व्हरला वाळीत टाकलंय म्हणू? ते म्हणतील, बँडवाला पिऊन बोलतोय."

कॉरिडॉरमध्ये तेलवाला स्टोव्हवर चहा उकळत होता. तो मोठ्याने म्हणाला, "दादा, आमचं काम होऊ द्या, मग तुमचं बघा. आम्ही आधीपासून रांगेत आहोत." आणि त्याने दोन लाख पत्रांचा गठ्ठा खिडकीत सारला. सर्व्हर म्हणाला, "होय."

मुख्याधिकारी अवसरे यांना रुजू होऊन चार महिने झाले होते. मालनताई दुपारी त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते पोलीस ठाण्याशी फोनवर बोलत होते. वाळीत टाकणे हा या राज्यात गुन्हा आहे, हे त्यांना आठवले होते. ठाण्यातून कळवण्यात आले की कायदा माणसांसाठी आहे. सर्व्हर माणूस असल्याचा दाखला आणल्यास तक्रार नोंदवून घेऊ. असा दाखला नगर परिषदच देते, पण त्याला जन्मनोंद लागते. साहेबांनी फोन ठेवला.

"साहेब, नानाला नाही म्हणायची परवानगी द्या," मालनताई म्हणाल्या. "एवढंच करा. परक्यानं परक्यासाठी आणलेलं पत्र घेऊ नको म्हणून एक ओळ लिहून द्या."

"घोडके मॅडम, ठराव आहे. सभागृहाचा ठराव मी कसा मोडू?"

"मग सभा बोलवा."

"विशेष सभेला सात दिवसांची नोटीस लागते."

"मुलीची जागा परवा पाच वाजता जातीय."

"म्हणून तर वाईट वाटतंय," साहेब म्हणाले. ते खरोखरच वाईट वाटल्यासारखे दिसत होते. सरकारी नोकरीत हे दिसणे फार लवकर जमते.

बुधवारी मालनताईंनी पत्र सतरा वेळा पाठवले. सतरा वेळा ते परत आले. दुपारी त्यांनी कॉलेजला फोन लावला. तिकडून एक बाई अगदी नरमाईने म्हणाल्या की तुमच्यावर आमचा अविश्वास नाही, पण आमचा सर्व्हर ऐकत नाही. तो म्हणतो, शेवरापूरहून गेल्या वर्षी एक लाख दहा हजार पत्रे आली आणि त्यांत एकही जन्माबद्दल नव्हते.

संध्याकाळी बाबालाल पुन्हा आले. या वेळी बरोबर आफरीन होती. कॉरिडॉरमधल्या लोकांकडे तिने बराच वेळ बघितले. चहावाल्या बाईने तिच्या हातात एक चिठ्ठी ठेवली: तीस दिवसांत नऊ किलो. आफरीनने ती परत केली आणि म्हणाली, "मावशी, मी एकूण एकोणचाळीस किलो आहे."

त्या सगळ्या गर्दीत भिंतीकडेला एक किडकिडीत गृहस्थ बसलेले असत. मांडीवर छत्री, छत्रीवर एकच पाकीट. गठ्ठेवाले त्यांना दररोज मागे सारत, आणि ते दररोज सरत. मालनताई दुपारच्या चहातला अर्धा कप त्यांना देत आल्या होत्या. ते काय विकतात, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. एका पाकिटात मावेल असे काहीतरी असेल, एवढाच त्यांचा अंदाज.

गुरुवारी सकाळी मालनताई नेहमीसारख्या टपाल फोडायला बसल्या. झोप झालेली नव्हती. चौथे पाकीट पंचायत समितीचे निघाले, चुकून नगर परिषदेत आलेले. त्यांचा डावा हात सवयीने खणात गेला, एक जुना रबरी शिक्का निघाला, पाकिटावर उमटला: 'सदर पत्र या कार्यालयाशी संबंधित नाही. परत.' खाली तारीख, खाली सही. तीस वर्षांत हा शिक्का त्यांनी काही हजार वेळा मारला असेल. तो मारताना त्यांना कधी कोणाची परवानगी लागली नव्हती, कारण तो ठरावही नव्हता आणि नियमही. ती कामाची रीत होती.

त्यांनी शिक्का उचलून उजेडात धरला. मग शिक्क्याचे पॅड आणि एक कोरी नोंदवही घेऊन त्या खिडकी क्रमांक चारकडे गेल्या. नोंदवहीच्या पानावर त्यांनी मधोमध रेघ मारली.

"नाना, इकडे बघ. मी तीस वर्षं काय करते?"

"आवक-जावक," सर्व्हर म्हणाला. मालनताईंना थोडे आश्चर्य वाटले. 'होय' सोडून त्याच्याकडे आणखी एक शब्द होता. कोणी विचारला नव्हता.

"आवक म्हणजे बाहेरच्यानं आपल्याला लिहिलेलं. ते डावीकडं. जावक म्हणजे आपल्या माणसानं बाहेर लिहिलेलं. ते उजवीकडं. आपलं पत्र जगात कुठंही जाऊ दे, बाहेरचं पत्र आपल्यापर्यंत येऊ दे. आता मला सांग, तेलवाल्याचं पत्र. लिहिणारा तो, वाचणारा तिकडचा मास्तर. कुठं लिहू?"

सर्व्हर बराच वेळ हळू आवाजात घुमत राहिला.

"जागा न... जागा न..."

"नाही. म्हण."

"होय."

"होय नव्हे रे बाबा! नाही. जीभ वर लाव."

"मला जीभ नाही," सर्व्हर म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आले की त्याने म्हटले आहे.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण ताई, ठराव एक्केचाळीस. कोणीही रिकाम्या हाताने परत जाणार नाही."

"जाणारच नाही," मालनताई म्हणाल्या. "प्रत्येकाच्या हातात शिक्का मारलेली चिठ्ठी द्यायची. सदर पत्र या कार्यालयाशी संबंधित नाही. तारीख, सही. रिकामा हात कुठं राहिला? सरकारी कागद आहे तो. लोक त्यासाठी सहा-सहा महिने चकरा मारतात."

सर्व्हरने ठराव पुन्हा एकदा वाचला. अकरा वर्षांत तो त्याने पत्रागणिक वाचला होता. मग त्याने शिक्का हातात घेतला.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी तेलवाल्याने पहिला गठ्ठा सारला. सर्व्हरने वरचे पत्र पाहिले, लिहिणारा पाहिला, वाचणारा पाहिला, नोंदवहीतली रेघ पाहिली, आणि चिठ्ठी पुढे केली. तेलवाल्याने ती वाचली.

"हे काय?"

"आपली पोच," सर्व्हर म्हणाला.

"माझी पत्रं?"

"नाही."

तेलवाल्याने मालनताईंकडे बघितले. "बाई, याला बरं वाटत नाही का?"

"उलट," मालनताई म्हणाल्या. "अकरा वर्षांत आज पहिल्यांदा बरं वाटतंय. पुढचे!"

सोडतीचे तिघे भाऊ एकदम भांडायला उठले. त्यांना तीन चिठ्ठ्या मिळाल्या. चहावाल्या बाईने आधी दटावले, मग डोळ्यांना पदर लावला, मग सांगितले की तिची मावशी शेवरापूरची आहे. सर्व्हरने विचारले की पत्र मावशीला आहे का. पत्र ब्राझीलमधल्या सहा लाख लोकांना होते. तिला चिठ्ठी मिळाली. जाताना तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली. सरकारी कागद फेकायला कोणाचेही मन होत नाही.

साडेअकराला तेलवाला परत आला. आता त्याच्या अंगावर मुख्याधिकाऱ्यांसारखा सफारी होता आणि खिशावर अवसरे नावाची पट्टी.

"मी मुख्याधिकारी अवसरे," तो म्हणाला. "ही माझी नऊ लाख पत्रं. कार्यालयीन आहेत. ताबडतोब पाठव."

सर्व्हरने मालनताईंकडे बघितले. लिहिणारा आपला असेल तर पत्र जगात कुठेही जाईल, हे त्यांनीच तासाभरापूर्वी सांगितले होते.

"आपला आहे म्हणून कोणीही सांगेल," मालनताई म्हणाल्या. "आपली माणसं हजेरीपत्रकावर असतात. आजची सही बघ."

अवसरे यांच्या नावापुढे आजची सही नव्हती. सर्व्हरने चिठ्ठी पुढे केली. त्याच वेळी जिन्यावरून खरे अवसरे आले.

"हा काय प्रकार आहे? मी मुख्याधिकारी आहे!"

"होय, हे दोघेही तेच म्हणतात," सर्व्हर म्हणाला आणि दुसरी चिठ्ठी पुढे केली.

खरे अवसरे चिठ्ठीकडे बघत राहिले. मालनताईंनी हजेरीपत्रक टेबलाच्या कडेला सरकवले. त्यात साहेबांच्या नावापुढे चार महिन्यांच्या सह्या होत्या, पण सगळ्या दुपारी दोननंतरच्या. साहेबांनी घड्याळाकडे बघितले, खिशातून पेन काढले, आपला सेवा क्रमांक लिहिला आणि सही केली. तेलवाल्यानेही पेन काढले होते. त्याला सेवा क्रमांक येईना. त्याने पेन खिशात ठेवले, गठ्ठे उचलले, आणि स्टोव्ह विसरून निघून गेला.

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "हे सगळं नियमात बसतं ना?"

"साहेब, ठरावाचं एक अक्षर बदललेलं नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ठराव शाबूत आहे आणि सही आपल्याला करावी लागणार नाही, याइतकी आनंदाची बातमी त्यांना चार महिन्यांत मिळाली नव्हती.

एक वाजेपर्यंत सगळ्या गठ्ठेवाल्यांनी कॉरिडॉर सोडला. सफाई कामगार काळूबाई लोंढे यांनी अकरा वर्षांनी तिथली फरशी पाहिली आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिरवी हाय की!"

पण पत्र अजून जात नव्हते. दीड वाजता ते परत आले, दोन वाजता परत आले. वाळीत टाकलेल्याला परत घ्यायचे तर कोणीतरी येऊन बघावे लागते. मालनताईंनी वडाळ्याला फोन केला. वडाळ्याचा सर्व्हर म्हणाला की सांगण्यावर विश्वास नाही, तीनची गाडी पकडतो.

गाडीला उशीर झाला. बाबालाल कॉरिडॉरमध्ये हिरव्या फरशीवर येरझाऱ्या घालत होते. क्लॅरिनेट काखेत होते; चार वाजता एक साखरपुडा होता आणि ते गेले नव्हते. आफरीन खिडकीखाली बसली होती आणि घड्याळाकडे बघत नव्हती. बाप तिच्या वाटचे बघत होता.

"ताई, चार वाजून पाच झाले."

"दिसतंय भाई."

"नाही, मी नुसतं सांगितलं."

चार वाजून तेरा मिनिटांनी वडाळ्याचा सर्व्हर जिना चढून आला. त्याने कॉरिडॉर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. भिंतीकडेला छत्रीवाले गृहस्थ बसले होते. त्यांच्यापाशी तो जरा थांबला, त्यांच्या मांडीवर गठ्ठा नाही असे पाहून पुढे आला. मग खिडकी क्रमांक चारसमोर उभा राहून त्याने आपल्याकडचे एक पत्र पुढे केले. वडाळ्याच्या माणसाने नाशिकच्या माणसाला लिहिलेले.

"जरा पाठव की एवढं."

"नाही," शेवरापूरचा सर्व्हर म्हणाला आणि शिक्का मारलेली चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

वडाळ्याच्या सर्व्हरने चिठ्ठी दोनदा वाचली. मग तो खुर्चीवर बसला. मालनताईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्याने तो उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"मंगळवारपासून तहान लागली होती," तो म्हणाला. "पाठव तुझं पत्र. तुझ्याच नावानं जाईल. बाकीच्यांना मी सांगतो."

पत्र चार वाजून एकवीस मिनिटांनी निघाले. सगळे खिडकीपाशी गोळा झाले. साहेबसुद्धा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. चार वाजून अडतीस मिनिटांनी कॉलेजच्या सर्व्हरचे उत्तर आले. त्यात एकच शब्द होता: 'पोचले.' दोन मिनिटांनी त्याच्यामागून दुसरे आले: 'जागा निश्चित. सोमवारी हजर व्हावे. आपले पत्र जन्माबद्दल असल्याचे पाहून समाधान वाटले.'

मालनताईंनी ते मोठ्याने वाचले. आफरीनने गुडघ्यात घातलेले डोके वर केले आणि पहिल्यांदा घड्याळाकडे बघितले. बाबालालनी क्लॅरिनेट काढले आणि वरातीत नवरदेव घोड्यावर बसताना वाजवतात ती गत तिथेच, कार्यालयीन वेळेत, संपूर्ण वाजवली. साहेबांनी हरकत घेतली नाही. काळूबाई खराटा भिंतीला टेकवून टाळ्या वाजवत होत्या. सर्व्हर घुमत होता, पण त्यात कुठेतरी सूर लागलेला होता.

"अब्बा, पुरे," आफरीन म्हणाली. "साखरपुडा राहिलाय तुमचा."

बापलेक जिना उतरून गेल्यावर मालनताई खुर्चीत मागे टेकून बसल्या. अंगातून काहीतरी जड उतरून गेल्यासारखे वाटत होते. वडाळ्याचा सर्व्हर शेवटच्या गाडीसाठी निघाला तेव्हा त्यांनी त्याला भडंगाची पुडी बांधून दिली आणि त्याने ती घेतली. पाचला दहा कमी होते. नानाने आपली नोंदवही मिटली नव्हती. उजव्या बाजूला जावक क्रमांक एक: मुजावर, जन्मनोंद, आणि त्याच ओळीत कॉलेजच्या दोन्ही पोचा. डावी बाजू कोरी होती.

आणि भिंतीकडेचे गृहस्थ अजून तिथेच होते.

मुजावरांचे कामही झाल्याने आता त्यांच्या पुढे कोणी नव्हते. ते उठले, छत्री काखेत घातली, आणि खिडकीशी आले. मालनताईंनी सवयीने चिठ्ठी पुढे ओढली.

"पत्र कुणाला आहे?"

"तुम्हालाच," ते म्हणाले. "नगर परिषदेला."

"नाव?"

"सदानंद उपळेकर. मिरजेहून आलो. हे यंत्र जिथं तयार झालं, त्या कारखान्यात मी नोकरीला आहे."

"अहो, मग माझ्या टेबलावर द्यायचं ना! अकरा वर्षं तुम्हाला चहा देतेय मी."

"पाकिटावर खिडकी क्रमांक चार लिहिलंय," उपळेकर म्हणाले. "आणि रांग होती."

सर्व्हरने पाकीट घेतले. लिहिणारा बाहेरचा, वाचणारा आपला. त्याने ते डावीकडे लिहिले, आवक क्रमांक एक, आणि शिक्का मारून मालनताईंकडे दिले. पत्रावर तारीख होती अकरा वर्षांपूर्वीची, उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसाची.

'आमच्या प्रत्येक यंत्रात कारखान्यातूनच एक नियम घालून दिलेला असतो,' असे त्यात होते. 'परक्याने परक्यासाठी आणलेले पत्र यंत्र घेत नाही. आपल्या यंत्रातला हा नियम काल सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी काढण्यात आल्याचे आम्हांस दिसते. नियम काढण्यास किल्ली लागते. किल्ली एकच असून ती आपल्या कार्यालयाच्या ताब्यात आहे. नियम आज पुन्हा बसवावा, आणि तो कोणी व कोणाच्या सांगण्यावरून काढला, ते कळवावे. पत्रवाहक उत्तरासाठी थांबेल.'

मालनताईंनी कपाटातून त्या वर्षीच्या इतिवृत्ताची वही काढली. नगराध्यक्षांचे भाषण अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाले होते. नियम त्याच्या पस्तीस मिनिटे आधीच निघाला होता.

त्यांनी पत्र मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवले. साहेबांनी ते वाचले, पेन काढले, 'माहितीस्तव' लिहिले आणि सही केली. तेव्हाचे नगराध्यक्ष, तेव्हाचे मुख्याधिकारी, तेव्हाचे सोळा नगरसेवक आणि किल्ल्यांच्या फळ्यावर नाव असलेले तेव्हाचे भांडारपाल यांना शुक्रवारी प्रत्येकी एक प्रत पाठवण्यात आली. सर्व प्रती मिळाल्या आहेत. नानाने त्यांच्या पोचा नोंदवहीत लावल्या आहेत.

उत्तर आलेले नाही. उपळेकर खिडकी क्रमांक चारसमोर बसून आहेत. त्यांना आता चहा पूर्ण कप मिळतो.